न दुखणारी इजा

राँटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले, आणि लवकरच त्या किरणांशीं काम करणाऱ्यांचे हात भाजूं लागले. हातावरचे व्रण निदान डोळ्यांना दिसत. दुसरी इजा मात्र ना दिसे, ना दुखे. हँबुर्ग येथील अल्बर्स-शोनबर्ग यांनीं १९०३ सालीं ससे व गिनीपिग यांवर हे किरण सोडले. नर धष्टपुष्ट राहिले, मादीशीं संगहि करीत; परंतु संतति होईना, कारण वीर्यांत शुक्रजंतूच उरले नव्हते. पुढें १९०५ सालीं न्यूयॉर्क येथें ब्राउन व ऑसगुड यांना क्ष-किरणांचें काम करणाऱ्या पुरुषांतहि हाच प्रकार आढळला. पौरुष तर पूर्वीप्रमाणेंच होतें. मग संशय यावा कसा?

वृषणांत पेशींचें विभाजन अखंड चालतें, व विभागणारी पेशी किरणांना लवकर बळी पडते. तेव्हां वृषणाचा कर्करोगहि याच धंद्यांतून उद्भवत असावा, असा तर्क सहज सुचतो. तो मात्र निर्णायकपणें सिद्ध झालेला नाहीं. पेशी मेल्यानें वंध्यत्व येतें. कर्करोगास जगून बिघडलेली पेशी लागते. बालपणीं पोटांतून खालीं न उतरलेलें वृषण हा त्या रोगाचा अधिक निश्चित धोका होय.

शिशाचा अंगरखा उकडतो म्हणून खुंटीवर टांगण्यास यामुळें सबब मिळत नाहीं, हें उघडच आहे. वृषणाची गांठ बहुधा तरुणपणीं येते व पुष्कळदां दुखत नाहीं. वेळींच उपचार झाल्यास बहुतेक रोगी बरे होतात. पण धंदा कोणताहि असो, या गांठीविषयीं घरांत कोणी तोंड उघडीत नाहीं.