हरल्यावर हातात काय उरतं?

कुणी बसमध्ये ऐकत असाल, कुणी शेतात मोटर चालू करून बांधावर बसला असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय आहे टॅलेंट शो. पण स्टेजवर गाणारी-नाचणारी लेकरं नाही, तर खाली अंधारात हात जोडून उभे असलेले त्यांचे आई-बाप. त्यातही असे आई-बाप, ज्यांच्या घरात महिनाअखेरीस किराण्याची उधारी असते आणि तरी ते कर्ज काढून लेकराला ऑडिशनला नेतात.

पहिले एक गोष्ट क्लिअर करतो. या लोकांना वेडं ठरवायला मी बसलेलो नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माणूस दरवर्षी जूनमध्ये आभाळाकडे बघून कपाशी लावतो. बियाणं उधार, खत उधार, पाऊस देवाच्या हातात आणि भाव बाजाराच्या. 2006 मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर केलं. त्यात यवतमाळ होतं, आणि ते कशामुळे होतं हे आपल्याला सांगायची गरज नाही. अशा जिल्ह्यातल्या बापाला तुम्ही म्हणाल, "काका, रिस्क घेऊ नका," तर तो हसेल. तो रोजच रिस्कवर जगतो. माझं बीटेकही एज्युकेशन लोनवरच झालं. नोकरी लागेल याची गॅरंटी तेव्हा कुणी लिहून दिली नव्हती.

म्हणून मला वाटतं, रिस्क घ्यावी की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा विचारायचा: हरल्यावर हातात काय उरतं? पीक बुडालं तरी जमीन उरते. नोकरी लवकर नाही लागली तरी डिग्री उरते. शो हरला, तर काय उरतं?

अशा वेळी लोक दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण देतात. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तेव्हा कुठे 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. मग आम्ही का नाही करायचं? बरोबर आहे, पण त्यातला फरक बघा. फाळके 1912 मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा विकत घेऊन आले. पिक्चर नसता चालला तरी कॅमेरा त्यांचा होता, शिकलेलं तंत्र त्यांचं होतं आणि पिक्चरही त्यांचाच होता. टॅलेंट शोमध्ये स्टेज चॅनलचं, रेकॉर्डिंग चॅनलचं, जाहिरातीचा पैसा चॅनलचा. आई-बापाच्या वाट्याला येतो फक्त खर्च. म्हणजे रिस्क आपली आणि मालकी दुसऱ्याची. धंद्याच्या भाषेत याला गुंतवणूक म्हणत नाहीत.

आता दुसरा मुद्दा. आमच्या कामात सर्व्हरचे लॉग बघावे लागतात. समजा लॉगमध्ये फक्त यशस्वी झालेल्या रिक्वेस्ट ठेवल्या आणि फेल झालेल्या पुसून टाकल्या, तर सर्व्हर कसा दिसेल? एकदम टकाटक, शंभर टक्के पास! टीव्ही नेमकं हेच करतो.

'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चा 2008-09 चा सीझन आठवा. आपल्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत. पंचरत्न! ही पाच नावं आजही पाठ आहेत. आता त्याच सीझनमधली पुढची पाच नावं सांगा. नाही आठवत ना? आणि जी पोरं ऑडिशनच्या रांगेतूनच घरी गेली, त्यांचं तर नावच कुठे आलं नाही.

पंचरत्नांबद्दल अजून एक. कार्तिकीचे वडील स्वतः गायक-संगीतकार. आर्याची आई शास्त्रीय गायिका. म्हणजे या घरांमध्ये शो यायच्या आधीपासून गाणं होतं. शो नसता मिळाला तरी गाणं घरातून जाणार नव्हतं. हा भाग टीव्हीवर दोन मिनिटांत उरकतात, कारण वर्षानुवर्षांचा रियाज दाखवायला एपिसोड पुरत नाही. रडणारी आई मात्र क्लोजअपमध्ये छान दिसते.

खर्च कसा वाढतो ते सांगतो. आमच्या ओळखीतलं एक घर आहे. नाव-गाव सांगत नाही. चार एकर कोरडवाहू, आई बचत गटात, मुलगी अकरा वर्षांची, नाचते भारी. पहिली ऑडिशन फुकट होती. पण त्याच्या आधी एका क्लासवाल्याने सांगितलं की, ग्रूमिंग केल्याशिवाय सिलेक्शन होत नाही. त्याची फी. मग ड्रेस. मग कोरिओग्राफर. मग पुढच्या राउंडला मुंबई. यवतमाळहून रेल्वेने जायचं तर आधी धामणगाव गाठा, तिथून रात्रभराचा प्रवास, वर लॉज, जेवण, रिक्षा. आईने गटातून कर्ज काढलं, नंतर गळ्यातली पोत गोल्ड लोनमध्ये ठेवली. एकेक खर्च वेगळा बघितला तर छोटाच वाटतो. आणि प्रत्येक वेळी मनात तेच येतं, की एवढं घातलं, आता मागे कसं फिरायचं?

मुंबईच्या राउंडमध्ये नाव आलं नाही. परत येताना गाडीत मुलीने विचारलं, "माय, तुझी पोत आता कशी सोडवायची?"

मंडळी, थोडं थांबा आणि विचार करा. अकरा वर्षांच्या लेकराच्या डोक्यात ना हरल्याचं दुःख होतं, ना चुकलेली स्टेप. तिच्या डोक्यात हप्ता होता! मला आजच्या एपिसोडमध्ये सगळ्यात महत्त्वाचं हेच सांगायचं आहे. कागदावर कर्ज आई-बापाच्या नावावर असतं, पण त्याचं ओझं लेकराच्या मानेवर बसतं. आणि मग ते पोरगं नाचत नाही, वसुली करायला निघतं.

कधी कधी हे एका घरापुरतंही राहत नाही. 2007 मध्ये 'इंडियन आयडॉल'मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग होता, कोलकाता पोलिसात शिपाई. त्याच्यासाठी डोंगरातल्या लोकांनी वर्गणी गोळा केली आणि त्यातून एसएमएस पाठवले. तो जिंकला. लोकांचं प्रेम खरं होतं, पण त्या एसएमएसचे पैसे गेले मोबाईल कंपन्या आणि शोवाल्यांकडे. आपल्याकडेही कुणी पुढे गेलं की दत्त चौकात फ्लेक्स लागतो, 'आपल्या लेकीला व्होट करा'. फ्लेक्स लावायला सगळे येतात. पोत सोडवायला कुणी येत नाही.

आणि समजा जिंकलात, तर? शोच्या बक्षिसावर सरळ तीस टक्के इन्कम टॅक्स लागतो, वर सेस. म्हणजे दहा लाख जाहीर झाले तर हातात सात लाखांपेक्षा थोडे कमीच. तेव्हा दहा लाख धरून कर्जाचा हिशोब करू नका.

आता कामाच्या गोष्टी. मूल चौदा वर्षांच्या आतलं असेल तर कायदा आहे, पण बऱ्याच पालकांना तो कुणी सांगत नाही. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये नियम आले. त्यानुसार:

बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.

शूटिंग जिथे आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते.

मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करावा लागतो.

सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध तर अजिबात नाही.

तेव्हा निर्मात्याला विचारा, "परवानगी दाखवता का?" विचारायला लाजायचं काही कारण नाही.

दुसरं, फ्रॉड. व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, "अभिनंदन, तुमचं सिलेक्शन झालं, रजिस्ट्रेशन फी भरा." सिलेक्शनसाठी कुणी पैसे मागितले की तिथेच थांबा. चॅनलच्या अधिकृत अॅपवर किंवा वेबसाईटवर चेक करा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन लावा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळायची आशा कमी.

तिसरं, पैसा कुठे लावायचा. जे हरल्यावरही उरतं, तिथे लावा. चांगल्या गुरुजींची फी भरा. सेकंड हँड का होईना, पेटी घ्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. त्यातून उद्या संगीत शिक्षक होता येतं, क्लास काढता येतो. ऑडिशनला जरूर जा, पण जमलेल्या पैशातून जा, कर्जातून नाही. आणि घरातून निघायच्या आधी आकडा ठरवा: यापुढे एक रुपयाही नाही. तो आकडा तिकीट काढायच्या आधी ठरवायचा. स्टेजमागे, टाळ्यांच्या आवाजात, कुणालाच आकडा ठरवता येत नाही.

आणि हे ऐकणारे तुम्ही बहुतेक आई-बाप नाही, मला माहीत आहे. तुम्ही मोठे भाऊ आहात, ताई आहात, मामा-मावशी आहात. घरातला स्मार्टफोन तुमच्याच हातात असतो. फॉर्म तुम्हीच भरता, लिंक तुम्हीच उघडता. तर पुढच्या वेळी फॉर्म भरताना आईजवळ दोन मिनिटं बसा आणि एकच विचारा: "नाही झालं सिलेक्शन, तर आपल्याकडे काय उरेल?" उत्तर "तिचं गाणं" असं आलं, तर बिनधास्त सबमिट करा. उत्तर "हप्ता" असं आलं, तर फोन बाजूला ठेवा आणि तिला म्हणा, चल, एक गाणं म्हणून दाखव.

एपिसोड आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. काळजी घ्या, भेटू पुढच्या वेळी.