पाटीवरचा नोंदणी क्रमांक



मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. माझं रोजचं काम याद्या सांभाळण्याचं आहे. कोणाची नोंद कुठल्या यादीत आहे, दोन याद्या एकमेकींशी जुळतात का, जुळत नसतील तर गडबड कुठे आहे, हे शोधायचं. आजचा विषय बोगस डॉक्टरांचा असला तरी मुळात तो याद्यांचाच आहे. म्हणून चार गोष्टी सांगायचं धाडस करतोय.

आपले सातारा-सांगली जिल्हे आरोग्याच्या बाबतीत मागास म्हणावेत असे नाहीत. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. १९६२ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजही कर्नाटकातून रुग्ण मिरजेला येतात. कराडला मोठी रुग्णालयं आहेत. तरीही गेल्या दहा वर्षांत याच पट्ट्यातली तीन प्रकरणं सगळ्या महाराष्ट्रात गाजली.

पहिलं वाईचं. ऑगस्ट २०१६ मध्ये वाईजवळ धोम इथल्या एका फार्महाऊसच्या आवारातून मृतदेह उकरून काढण्यात आले. वाईत डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या संतोष पोळवर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. खुनाचं काय ते कोर्ट बघेल. आपल्याला पडायला हवा तो प्रश्न साधा आहे. त्याच्या पदवीची चर्चा अटकेनंतर सुरू झाली. त्याआधी इतकी वर्षं कोणी का विचारलं नाही, की डॉक्टरसाहेब, तुमचा नोंदणी क्रमांक काय?

दुसरं मिरज तालुक्यातल्या म्हैसाळचं. मार्च २०१७ मध्ये गर्भपातानंतर एका २६ वर्षांच्या विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. अटक झालेल्या डॉक्टरकडे पदवी होती, पण ती होमिओपॅथीची. गर्भपात कोणी करायचा आणि कुठे करायचा, हे १९७१ च्या कायद्याने ठरवून दिलंय. त्यासाठीचं प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर लागतो आणि जागेलाही मान्यता लागते. म्हणजे इथे 'पदवी आहे का' एवढं विचारून भागलं नसतं. 'या कामाची पदवी आहे का' हे विचारायला हवं होतं.

तिसरं मिरज शहरातलं. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एका खासगी कोविड रुग्णालयातल्या ८७ मृत्यूंवरून तिथल्या डॉक्टरला अटक झाली. इथे पदवीही होती, परवानगीही होती. प्रश्न असा की परवानगी देताना आणि दिल्यानंतर, आत काय सोयी आहेत हे कोणी पाहिलं?

माणूस कोण, त्याला कुठल्या कामाची परवानगी आहे आणि जागा कशी आहे, असे हे तीन प्रश्न. कायद्यात तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या याद्यांत आहेत.

माणसांच्या याद्या आधी पाहू. एमबीबीएस आणि त्यापुढचे डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदवलेले असतात. आयुर्वेद आणि युनानीवाले, म्हणजे बीएएमएस आणि बीयूएमएस, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. होमिओपॅथीची परिषद वेगळी, दातांच्या डॉक्टरांची वेगळी. प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि तो तपासता येतो. मेडिकल कौन्सिलने २०२५ मध्ये 'नो युवर डॉक्टर' नावाची क्यूआर कोडची सोय आणली. दवाखान्यातला कोड मोबाइलवर स्कॅन केला की डॉक्टरची नोंद दिसते. माझ्या धंद्यातला एक सल्ला देतो. कोड कोणीही छापून चिकटवू शकतो. स्कॅन केल्यावर उघडलेलं पान खरंच कौन्सिलचं आहे का, ते वर पत्त्याच्या ओळीत वाचा. आणि पाटीवर नुसतं 'आरएमपी' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' एवढाच होतो. कुठे नोंदणीकृत, हा प्रश्न तसाच राहतो.

आता जागांची यादी. आपल्या राज्यात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. जिथे रुग्णाला दाखल करून उपचार आणि शुश्रूषा होते, त्या प्रत्येक जागेची नोंदणी सक्तीची आहे. प्रसूतिगृहंही त्यात आली. या नोंदणीचं प्रमाणपत्र 'सी' नमुन्यात मिळतं. ते भिंतीवर लावायचं असतं आणि दर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करायचं असतं. २०२१ मध्ये नियम सुधारले. आता दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही दर्शनी भागात लावावी लागते, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

पण या यादीत एक मोठी फट आहे. खाटा नसलेला दवाखाना तिच्यात येतच नाही. गल्लीतला एका खोलीचा दवाखाना, बाहेर बाकडं, आत पडदा, एवढ्याची जागा म्हणून नोंद या कायद्याखाली होत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा असे दवाखानेही नोंदणीखाली आणतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाचा ज्या दवाखान्याशी सगळ्यात जास्त संबंध येतो, त्या जागेची यादीच नाही. तिथे एकच गोष्ट तपासता येते, ती म्हणजे आत बसलेल्या माणसाचा क्रमांक. तो तपासणारं दुसरं कोणी रोज येणार नाही. आपणच तपासायचा.

मग लोक अशा माणसाकडे जातात का? अडाणी आहेत म्हणून, असं उत्तर देऊन आपण मोकळे होतो. ते खरं नाही. तो रात्री अकरालाही दार उघडतो. पन्नास रुपयांत काम होतं, नसतील तर वहीत लिहून ठेवतो. अम्मीशी तिच्या बोलीत बोलतो, बुरखा पाहून कपाळाला आठी घालत नाही. सरकारी दवाखान्यात रांग, मग 'उद्या या'. रोजंदारीवर जाणाऱ्याला उद्या परवडत नाही. त्याला आज सुई हवी आणि उद्या कामावर जायचंय.

ती सुई काय करते, ते मात्र सांगायला हवं. लगेच बरं वाटतं, कारण पुष्कळदा त्यात स्टेरॉइड असतं. ताप उतरतो, अंगदुखी थांबते, आजार आत वाढत राहतो. मधुमेह असलेल्या माणसाची साखर त्याने भडकते. तीच सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात २०१८ मध्ये एकाच परिसरात अनेक लोक एचआयव्हीबाधित निघाले. सायकलवर फिरून स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्या माणसाला त्या प्रकरणी पकडलं होतं.

आता आपल्यातली अवघड गोष्ट. हा माणूस बहुतेक वेळा आपलाच असतो. कोणाचा मामू, कोणाचा शेजारी. तक्रार केली तर लोक म्हणतात, आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देतोस? बाहेरचे आधीच आपल्याला बोलतात, त्यात तू भर घालतोस? या बोलण्यामागचं दुखणं मला समजतं. पण सुई टोचून घेणारा मुलगाही आपलाच असतो, आणि त्याच्या पोटाचा विचार आधी करायला हवा.

आपली परंपराही याबाबत स्पष्ट आहे. वैद्यकाचं ज्ञान नसताना जो इलाज करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार राहतो, अशा अर्थाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. इ. स. ९३१ मध्ये बगदादमध्ये चुकीच्या उपचाराने एक रुग्ण दगावला, तेव्हा खलिफा मुक्तदिरने हुकूम काढला की परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करायची नाही. सिनान इब्न साबित या वैद्याकडे ते काम सोपवलं आणि त्याने आठशेहून जास्त जणांची परीक्षा घेतली, असं इतिहासकार सांगतात. डॉक्टरला परवाना विचारणं ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

दुसऱ्या बाजूचा अन्यायही व्हायला नको. बीयूएमएस झालेल्या, रीतसर नोंदणी असलेल्या युनानी डॉक्टरला कोणी सरसकट 'बोगस' म्हणत असेल तर ते चूक आहे. मर्यादा मात्र सगळ्यांना आहे. पूनम वर्मा खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथीच्या डॉक्टरला ॲलोपॅथीची औषधं दिल्याबद्दल जबाबदार धरलं. ज्या शास्त्राचं ज्ञान नाही त्यात उपचार करणारा वैदूच ठरतो, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे २०१४ मध्ये राज्याने होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करण्याचा मार्ग काढला. त्यावरचा वाद अजून चालू आहे. तोवर 'हा कोर्स केलाय का' हे विचारणं आपल्या हातात आहे.

आता काम सांगतो.

एक, आपापल्या घरचे लोक ज्या दवाखान्यांत जातात त्यांची यादी करा. पाटीवरचं नाव, पदवी, क्रमांक लिहा आणि संबंधित परिषदेकडे तपासा. क्रमांक सापडला तर घरात तसं सांगा. चांगल्या डॉक्टरलाही त्याने बळ मिळतं.

दोन, माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. तालुक्यातल्या नोंदणीकृत नर्सिंग होमची यादी, नोंदणी संपल्याच्या तारखा आणि शेवटची तपासणी कधी झाली ते मागा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते.

तीन, क्रमांक सापडला नाही तर लेखी तक्रार करा. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाहेर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक या दोघांकडे, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. जागा, वेळ, काय पाहिलं, एवढंच लिहा आणि पोच घ्या. पोच नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात विनापरवाना वैद्यकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. राज्याचा १९६१ चा कायदाही आहे.

चार, मोबाइलचा कॅमेरा चालू करून कोणाच्या दवाखान्यात घुसू नका. व्हॉट्सॲपवर नाव फिरवू नका. तुमची माहिती चुकली तर एका माणसाची अब्रू जाते, आणि बरोबर असली तरी तो सावध होऊन पाटी काढतो, पुरावा जातो.

पाच, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. बोगस दवाखाना बंद झाला की त्या रात्री अकराला मुलाला ताप आला तर आईने कुठे जायचं? याचं उत्तर सोबत न ठेवता केलेली तक्रार अर्धी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हे वस्तीत किती जणांना माहीत आहे ते विचारून बघा. 'आपला दवाखाना' तुमच्या वॉर्डात आहे का, कामावरून सुटल्यावर जाता येईल अशा वेळेला तो उघडा असतो का, तिथे डॉक्टर बसतो का, हेही बघा. नसेल तर नगरसेवकाकडे जा. वीस बायकांच्या सह्या घेऊन जा, नुसते आपण तरुण पोरं नको.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एका गल्लीची यादी आणावी. त्या जोडायचं काम मी करतो, ते मला येतं. गल्लीत फिरायचं काम तुम्हाला करावं लागेल.