वार्धक्याचे शब्द
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्यांचा सत्कार होत आहे त्यांत माझेही नाव घालून चालकांनी मला संकोचात टाकले आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'वृद्धसत्कार' छापावे की 'ज्येष्ठसत्कार', यावर कार्यकारी मंडळात बराच खल झाला असे कळते. जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलेल्या मास्तराला बोलावयास याहून चांगला विषय कोणता मिळणार?

'वृद्ध' हा शब्द 'वृध्' म्हणजे वाढणे या धातूपासून झाला. तेव्हा वृद्ध म्हणजे झिजलेला नव्हे, वाढलेला. झिजण्याचा अर्थ 'जरा' या शब्दात आहे. म्हणूनच आपण ज्ञानवृद्ध, तपोवृद्ध म्हणतो. ज्ञानजीर्ण कोणी म्हणत नाही. पाणिनीने तर 'प्रशस्य' आणि 'वृद्ध' या दोन्ही शब्दांपासून 'ज्येष्ठ' हे रूप साधले आहे. म्हणजे पत्रिकेवरील वाद मुळातच मिटला!

'म्हातारा' हा शब्द आज कानाला खटकतो. पण तो 'महत्तर' या शब्दापासून आला आहे. महत्तर म्हणजे अधिक मोठा. गावच्या प्रमुखांनाही पूर्वी महत्तर म्हणत. 'स्थविर' या शब्दाचे पालीत 'थेर' झाले आणि ती बौद्ध भिक्षुसंघात मानाची पदवी ठरली. त्याच शब्दाचे मराठीत 'थेरडा' झाले आणि ती शिवी ठरली. शब्द कुळाने थोर होता. त्याला हीन केले ते आपल्या जिभेने.

उलट, खेड्यातला शेतकरी 'आमचा म्हातारा अजून रानात जातो' असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दात अभिमान व माया असते. शहरात आपण 'आई आता थकल्या' असे सौम्यपणे म्हणतो. 2007 च्या कायद्याने साठी गाठलेल्या प्रत्येकाला 'ज्येष्ठ नागरिक' केले. आपली म्हण मात्र त्याच वयाला 'साठी बुद्धी नाठी' म्हणते! तेव्हा नुसत्या शब्दावरून मान-अपमान ठरत नाही. तो कशावरून ठरतो, हे मला माझ्या आईने शिकविले.

ती ऐंशीच्या पुढे गेल्यावर मी तिला एका डॉक्टरांकडे नेले होते. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी मला विचारले, ''आजी जेवतात का? झोप लागते का त्यांना?'' मी उत्तरे देत गेलो. आई दोघांच्या मध्ये बसली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, ''अरे, मी इथंच बसले आहे ना? मग मलाच विचारा की.''

'आजी' हा शब्द किती गोड! 'जेवतात' हे आदरार्थी बहुवचनही निर्दोष. तरीही अपमान झाला होता. शाळेत मी हजारदा शिकविले होते की ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय पुरुष आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय पुरुष. समोर बसलेल्या माझ्या आईला आम्ही दोघांनी तृतीय पुरुषात ढकलले होते. डॉक्टरांना मी दोष देत नाही. उत्तरे देणारा मीच होतो. घरी आल्यावर आठवून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की आमच्या घरात हे कित्येक महिने चालले होते. त्यानंतर ती दीड वर्ष होती. तेवढ्या काळात जी चूक सुधारता आली ती सुधारली. आधीचे महिने मात्र परत आले नाहीत.

म्हणून तरुण बंधुभगिनींना माझी एकच विनंती आहे. आम्हांला वृद्ध म्हणा, ज्येष्ठ म्हणा, लाडाने म्हातारा म्हटले तरी चालेल. परंतु आमच्याविषयी बोलण्यापूर्वी आमच्याशी बोला. औषध, जेवण, घराची वाटणी, नातीचे लग्न, विषय कोणताही असो, आधी आम्हांला विचारा. आमचे उत्तर कदाचित चुकेल, उशिराही येईल. पण ते आमचे असेल.

आज घरी गेल्यावर आपापल्या वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसून 'तुम्हांला काय वाटते?' एवढे विचाराल, तर माझा खरा सत्कार झाला असे मी समजेन.