आधीं थांबावें, मग चालावें

मोटार पुष्कळ वर्षें बंद राहिली, म्हणजे घरांतील मंडळींना एकच ओढ लागते : तिचा आवाज पुन्हां केव्हां कानीं पडेल ? नांदेडच्या वजिराबादेंत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास काय, एखाद्या जुन्या घराच्या आवारांत, पत्र्याच्या छपराखालीं, वडिलांची फियाट उभी असते. तिच्यांत बसून मुलें शाळेस गेलेलीं असतात, लेक सासरीं गेलेली असते. म्हणून नवी बॅटरी आणून किल्ली फिरविण्याची घाई होते. आणि तीच घाई घातक ठरते.

हीं दोन्ही गांवें सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होतीं. त्या राज्याच्या राजधानींत, हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यांत, १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आजहि पाहावयास मिळते. ती दर्शनाची वस्तु. घरच्या फियाटला मात्र माणसांच्या गर्दींतून जावयाचें असतें. यास्तव तिच्या बाबतींत पहिला विचार यंत्राचा नव्हे, ब्रेकांचा.

मराठवाड्याचें ऊन रबराचा प्राण घेतें. ब्रेकच्या तेलांत पावसाळ्यागणिक हवेंतील ओल मुरते व आंतील दट्ट्यांस गंज चढतो. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना तेल पोंचविणारी योजना एकच असते. एके जागीं गळती झाली, कीं सारेच ब्रेक निकामी. म्हणून तेल, रबरी नळ्या व सील नवींच घालावीं. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी कडेस भेगा असल्यास ते टाकून द्यावे. गाडीखालीं शिरतांना केवळ जॅकवर विसंबूं नये. भक्कम आधार द्यावा.

मग यंत्राकडे वळावें. बॅटरी सोडवून, टाकींतील शिळें पेट्रोल उघड्या जागीं काढावें. त्याच्या वाफेस एक ठिणगी पुरते. उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय, तें पाहावें. प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, एक दिवस मुरूं द्यावें आणि यंत्र हातानें फिरवून पाहावें. अडल्यास बळ करूं नये. यंत्रांतील तेल व रेडिएटरचें पाणी बदलावें. आजच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें जुन्या रबरास मानवत नाहीं. तेव्हां पेट्रोलच्या नळ्याहि नव्या हव्या. बंद खोलींत यंत्र चालवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

कायद्याचीहि आठवण ठेवावी. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूप राखलेल्या खाजगी मोटारींसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं 'व्हीए' मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरास काढतां येत नाहीं.

पहिला फेरा रस्त्यावर नव्हे, मोकळ्या सपाट मैदानांत, माणसाच्या चालीनें घ्यावा. आणि दर दहा पावलांवर ब्रेक दाबून पाहावा. गाडी सरळ व निमूट थांबली, तर नांदेड-लातूर रस्ता तिला दूर नाहीं. न थांबली, तर तिनें आणखी चार दिवस छपराखालीं राहावें. इतकीं वर्षें वाट पाहिलेल्या गाडीस तेवढें जड नाहीं.