साहेब, कारण लेखी द्या
(यवतमाळ येथे तरुणांच्या बैठकीत एम.कॉम.च्या एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला इथे बँकेतल्या इंटर्नशिपबद्दल बोलायला सांगितलंय. खरं तर माझा अनुभव फक्त दोन महिन्यांचा, 2025 च्या मे आणि जूनचा. पण त्या दोन महिन्यांत आमच्या घरातली नऊ वर्षं जुनी एक गोष्ट उलगडली. म्हणून बोलायला उभी राहिले.

आम्ही दिग्रसचे. अब्बांचं गादी-रजईचं दुकान आहे, मागच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन. आमच्या एम.कॉम.ला पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग असतं, चार श्रेयांकांचं. बऱ्याच मुली ओळखीच्या सीएच्या ऑफिसातून सर्टिफिकेट आणतात. मी यवतमाळच्या एका मोठ्या सरकारी बँकेच्या शाखेत अर्ज दिला आणि त्यांनी मला घेतलं.

घरी सांगितलं तर दादी म्हणाली, "बेटी, सूद के घर में क्या सीखेगी?" अब्बा एवढंच म्हणाले, "जा. पण आपल्याला तिथे कोणी विचारत नाही, हे ध्यानात ठेव."

अब्बा असं का म्हणाले, ते सांगते. 2016 साली ते मुद्रा कर्ज मागायला गेले होते, नवीन मशीनसाठी. साहेबांनी कागद चाळले, काँप्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं होणार नाही." का, ते अब्बांनी विचारलं नाही. साहेबांनीही सांगितलं नाही. घरी येऊन अब्बा अम्मीला म्हणाले, "आपल्या लोकांना देत नाहीत." मी तेव्हा शाळेत होते, पण ते वाक्य मला आठवतं. त्यानंतर आमच्या घरातून कोणी बँकेत कर्ज मागायला गेलं नाही. भाईजानला आयटीआयनंतर वेल्डिंगचं दुकान टाकायचं होतं. त्याने फॉर्मसुद्धा आणला नाही. आज तो पुण्यात दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये आहे.

आता बँकेत या. मे महिन्यातलं यवतमाळ तुम्हाला माहीत आहे. शाखा उघडायच्या आधीच दाराशी रांग. खरिपाचे दिवस, पीक कर्जाचं नवं-जुनं करायला शेतकरी आलेले. दारव्ह्याचे, नेरचे, बाभुळगावचे. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, दुसऱ्या बँकांची बेबाकी. मला काँप्युटरचं लॉगिन नव्हतं, इंटर्नला ते देतही नाहीत. माझं काम फॉर्म भरून देणं, कागद लावून देणं आणि काय कमी आहे ते सांगणं.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळली. माणूस परत जातो तो बहुतेक वेळा एका कागदासाठी, आणि कोणता कागद ते त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं. तो गावी जाऊन सांगतो, "बँकवाले देत नाहीत." ही तक्रार फक्त आपल्या मोहल्ल्याची नाही. कुणबी, बंजारा, आदिवासी, सगळ्या शेतकऱ्यांच्या तोंडून मी ती ऐकली.

पण काही अडचणी खास आपल्या आहेत. आपल्या नावांचंच घ्या. आपल्याकडे मुलाच्या नावाआधी शेख, बापाच्या नावाआधीही शेख. आधारवर शेख हे पहिलं नाव होतं, पॅनवर तेच आडनाव होतं. इंग्रजीत ते तीन-चार तऱ्हांनी लिहितात. मशीनला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात आणि केवायसी अडकते. एका चाचांच्या चार कागदांवर चार नावं होती. ते म्हणाले, "बेटा, मी तर एकच आहे." घरी गेल्यावर आपापले आधार, पॅन, पासबुक आणि मार्कशीट शेजारी शेजारी ठेवून पाहा. आजच पाहा. नोकरीलाही तेच आडवं येतं.

आता दादीच्या प्रश्नाबद्दल. व्याजाबद्दल ज्याची जी धारणा आहे तिचा मी आदर करते, इथे फतवा द्यायला मी आलेले नाही. फक्त दोन गोष्टी दादीला सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगते. पहिली, तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून शेतकऱ्याला व्याजाचा भार पडत नाही. दुसरी, बँक नको म्हणून आपले मामू कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर आणतात. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. तो वरचा पैसा काय आहे? दादी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ये तो किसी ने बताया नहीं."

आता जे सांगते आहे, त्याची मला लाज वाटते.

जूनच्या सुरुवातीला एक आपा आल्या. शिवणकाम करतात, पिको-फॉलच्या मशीनसाठी त्यांना मुद्राच्या शिशू गटातलं पन्नास हजारांचं कर्ज हवं होतं. फॉर्म मीच भरून दिला. टेबलावरच्या अधिकाऱ्याने पत्ता वाचला आणि म्हणाला, "या भागातली वसुली कठीण असते. ठेवून जा, नंतर बघू." फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला. रजिस्टरला नोंद नाही, पोच नाही. आपा "ठीक आहे" म्हणून निघाल्या. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. काही बोलले नाही. माझं सर्टिफिकेट त्याच लोकांच्या हातात होतं.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात लिहिलं आहे, की काही बँका ठराविक वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र मानतात आणि तिथे कर्ज सहज देत नाहीत. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पाच मार्कांची टीप म्हणून. त्या दिवशी ती टीप माझ्यासमोर ड्रॉवरमध्ये गेली.

संध्याकाळी मी शाखेतल्या दुसऱ्या एका साहेबांना विचारलं, जे निवृत्तीला आले होते. कोणाचं नाव घेतलं नाही. विचारलं, "सर, अर्ज असा ठेवून घेता येतो का?" त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "नाही. अर्ज घेतला की पोच द्यायची. नाही म्हणायचं असेल तर मुख्य कारण लेखी द्यायचं. रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता आहे, 2003 पासून. पण मागणाराच मागत नाही, मग देणारा कशाला देतो?"

दुसऱ्या दिवशी मी आपांना फोन केला. म्हटलं, "या, आणि फक्त एवढंच म्हणा: साहेब, पोच द्या." त्या आल्या, भीतभीतच म्हणाल्या. अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फॉर्म ड्रॉवरमधून काढला आणि शिक्का मारला. भांडण नाही, आवाज नाही. काही दिवसांनी त्यांना पत्र आलं, मशीनचं कोटेशन जोडलेलं नाही. त्यांनी ते आणून दिलं. शेवटी पन्नासऐवजी पस्तीस हजार मंजूर झाले. मशीन आलं आहे.

मग मला अब्बांचं 2016 आठवलं. त्यांनाही कारण कोणी दिलं नव्हतं.

बँकेतच कळलं होतं, की आपला क्रेडिट रिपोर्ट आपल्याला वर्षातून एकदा फुकट मिळतो. सिबिल ही त्यातली एक कंपनी, अशा देशात चार आहेत, आणि प्रत्येकीकडून मिळतो. बकरी ईदला घरी गेले तेव्हा अब्बांच्या फोनवर त्यांच्याच ओटीपीने आम्ही तो काढला. अब्बांनी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही. तरी रिपोर्टवर एक वाहन कर्ज होतं, थकलेलं. त्यापुढे लिहिलं होतं: जामीनदार.

अब्बा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तर त्याचं आहे." बारा-तेरा वर्षांपूर्वी एका जिवलग दोस्ताने मालवाहू गाडी घेतली, तेव्हा अब्बांनी सही केली होती. दोस्तीत कोण वाचतं? कायद्यात, म्हणजे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 मध्ये, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दोस्ताचे हप्ते थकले आणि अब्बांचं नावही थकलं.

अब्बा म्हणाले, "मग नऊ वर्षं मी तुम्हाला काय सांगत होतो?" त्यांना काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही. मला भाईजान आठवत होता.

मित्र-मैत्रिणींनो, याचा अर्थ भेदभाव होत नाही असा कोणी घेऊ नका. तो ड्रॉवर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. पण अब्बांचा नकार वेगळा होता आणि आपांचा वेगळा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत होते: "होणार नाही." कारण कागदावर आलं नाही तोपर्यंत आपल्याला फरक कळत नाही. चूक आपल्या कागदात असेल तर ती दुरुस्त होत नाही, आणि चूक त्यांच्या मनात असेल तर ती सिद्ध होत नाही. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

म्हणून तीन कामं सांगते. एक, कोणताही अर्ज पोच घेतल्याशिवाय सोडून येऊ नका. दोन, नकार मिळाला तर कारण लेखी मागा. नाही दिलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही. तीन, आपल्या मोहल्ल्यातल्या पाच जणांचे क्रेडिट रिपोर्ट त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच फोनवर काढून द्या. कोणाचा ओटीपी मात्र स्वतःकडे घेऊ नका. आणि जामीनदार म्हणून सही करायची असेल, तर आधी कागद पूर्ण वाचा.

आणखी एक. मुलींनो, बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरा. टेबलाच्या त्या बाजूला आपल्यातलं कोणी बसलं, तर रांगेतल्या माणसाला विचारायची हिंमत येते.

अब्बा आणि त्यांचे दोस्त आता मिळून ती थकबाकी फेडत आहेत. दोस्ती तुटली नाही, अल्लाहचे आभार. अब्बांचा नवा अर्ज अजून दिलेला नाही. पण भाईजानने परवा फोनवर विचारलं, "फॉर्म कुठे मिळतो?"