कारण न देता घराबाहेर

(स्त्री-संघटनांच्या एका मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून आपण रेशन, पोटगी, घरातली मारहाण आणि पोलीस चौकीत लिहून न घेतल्या जाणाऱ्या तक्रारी यांवर बोललो. त्यानंतर मी रानातल्या सहलीविषयी बोलणार असे जाहीर झाले, तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू झाले. ते मला ऐकू आले. साहजिक आहे. पण संयोजक मैत्रिणींनी हा विषय मुद्दाम ठेवला आहे. बाईचा विसावा, तिचा मोकळा वेळ आणि त्या वेळात तिने कुठे जाऊन बसायचे, हे प्रश्न चळवळीत आपण नेहमी शेवटी ठेवतो. आणि शेवटापर्यंत वेळच संपलेली असते.

मी सिडनीत राहते. २०१८ च्या एप्रिलमध्ये आम्ही तिथल्या सहा मराठी बायका एका राष्ट्रीय उद्यानात दिवसभर चाललो आणि नदीखोऱ्यात तंबू ठोकून एक रात्र राहिलो. सर्वांत धाकटी एकतीस वर्षांची, सर्वांत थोरली त्रेसष्ट. ऑस्ट्रेलियात रानाला ‘बुश’ म्हणतात आणि अशा पायी भटकंतीला ‘बुशवॉकिंग’. त्या दिवसाची हकिगत सांगते. ते रान चालायला शिल्लक कसे राहिले, तेही सांगते. माझ्या मते आपल्या कामाची गोष्ट ती दुसरी आहे.

सुरुवात घरापासून. सहापैकी चौघींना घरी एकच प्रश्न विचारला गेला : कशासाठी? देवदर्शन असते, बारसे असते, नणंदेचे बाळंतपण असते, तर कोणी विचारले नसते. बाई पाण्याला जाते, सरपणाला जाते, शेतावर, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, वारीला जाते. प्रत्येक वेळी हातात कारण असावे लागते. गडी पारावर किंवा चहाच्या टपरीवर तासभर बसला तर त्याला कारण विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांबद्दल हेच मांडले : विनाकारण रेंगाळता येणे हाही बाईचा हक्क आहे. आमच्यातल्या एकीने निघण्यापूर्वी चार दिवसांचा स्वयंपाक करून डबे फ्रीजमध्ये लावले, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. एका रात्रीसाठी चार दिवसांचा! तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायची गरजच उरू नये, इतके ते आपल्या अंगात मुरवलेले असते.

सिडनीहून पश्चिमेला रेल्वेने सुमारे दोन तासांवर ब्लॅकहीथ नावाचे गाव आहे. ब्लू माउंटन्स या डोंगराळ प्रदेशातले. गावापासून काही किलोमीटरवर पेरीज लुकडाऊन हा कडा, आणि त्याच्या पायथ्याशी ग्रोझ नदीचे खोरे. कड्यावरून सुमारे सहाशे मीटर खाली उतरायचे. पाठीवर प्रत्येकीचे आपापले ओझे : तंबूचा अर्धा भाग, झोपायची पिशवी, पाणी, शिधा, गरम कपडे. आधीच ठरवले होते की कोणी कोणाचे ओझे उचलायचे नाही आणि कोणी कोणासाठी राबायचे नाही. स्वयंपाकाची पाळी चिठ्ठ्या टाकून काढली.

निघण्यापूर्वी वाटेची नोंद करून ठेवतात : कोण, किती जणी, कुठून कुठे, परत कधी. ब्लू माउंटन्समध्ये संकटसूचक यंत्रही विनामूल्य उसने मिळते. कळ दाबली की उपग्रहामार्फत सुटकेसाठी निरोप जातो. तिथे आम्हांला कोणी विचारले नाही की सोबत पुरुष कोण आहे. नोंद होती, परवानगी नव्हती. या दोन शब्दांतला फरक आपण इथे बसलेल्या सगळ्या जणी जाणतो. ‘सांगून जा’ आणि ‘विचारून जा’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढे.

उतार अवघड होता. पायऱ्या उंच, गुडघे बोलू लागले. त्रेसष्ट वर्षांच्या काकू सर्वांत मागे होत्या. दर वळणावर त्या थांबत, पण पाठीवरची पिशवी त्यांनी कोणाला दिली नाही. तळाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिथे निलगिरीच्या जातीचे प्रचंड वृक्ष आहेत, ब्लू गम म्हणतात त्यांना. खोड गुळगुळीत, पांढुरके, निळसर झाक असलेले, सरळ वर गेलेले. त्या राईला ब्लू गम फॉरेस्ट हेच नाव आहे. शेजारी ग्रोझ नदी, आणि तिला येऊन मिळणारा गॉव्हेट्स क्रीक हा ओढा. मुक्कामाची जागा राईबाहेर, अकेशिया फ्लॅट नावाच्या सपाटीवर आहे. झाडांची मुळे तुडवली जाऊ नयेत म्हणून राईत तंबू ठोकायला मनाई आहे. जाळ करायलाही मनाई, फक्त छोटा गॅस चालतो. नदीचे पाणी उकळून प्यायचे, कचरा परत वर न्यायचा.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलते, कारण सभेत ती बोलली जात नाही. आमच्यातल्या दोघींची पाळी चालू होती. वापरलेल्या घड्या वेगळ्या पिशवीत बांधून परत आणायच्या, विधीसाठी आडरानात बसावे लागले तर पाण्यापासून दूर जायचे, वीतभर खड्डा खणायचा आणि बुजवायचा, हे सगळे तिथे चालणाऱ्यांना आधीच शिकवतात. आपल्याकडे एसटीचा लांबचा प्रवास असला की बाई आदल्या रात्रीपासून पाणी पिणे कमी करते. मोर्चाला येणाऱ्या आपल्याच बायका ते करतात. घराबाहेर राहण्याच्या हक्काची सुरुवात भाषणस्वातंत्र्यापासून होत नाही, मोरीपासून होते.

आता रात्र. संध्याकाळी मेतकूट-भात आणि लोणचे खाऊन आम्ही बसलो. त्याच सपाटीवर थोड्या अंतरावर पाच पुरुषांचा एक गट उतरला होता. त्यांनी दुरून नमस्कार केला आणि आपल्या कामाला लागले. बस, एवढेच. तरीही आम्ही सहाही जणींनी, एकमेकींना न सांगता, ते किती जण आहेत हे मोजले होते. त्यांचे दिवे विझेपर्यंत आमच्यातली एक जागी राहिली. त्या पुरुषांनी काही केले नव्हते. पण बाईच्या डोक्यात एक पहारेकरी लहानपणीच बसवलेला असतो, आणि तो रजा घेत नाही.

भीतीवर बोलणे निघाले तेव्हा काकू म्हणाल्या, “मी आयुष्यात सर्वांत जास्त भ्यायले ती माझ्याच स्वयंपाकघरात. इथे काळोख आहे, पण कोणाच्या पावलांची वाट बघत बसलेली नाही.” हे मी त्यांच्या परवानगीने सांगते आहे. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत, स्त्रियांवरील गुन्ह्यांत, नवरा आणि त्याच्या नातेवाइकांकडून होणारा छळ हा वर्षानुवर्षे सर्वांत मोठा गट आहे. तरी मुलीला आपण काय सांगतो? बाहेर जाऊ नकोस, बाहेर धोका आहे.

आता त्या रानाची गोष्ट. १९३१ च्या ईस्टरच्या सुट्टीत सिडनीचे काही भटके या राईत मुक्कामाला होते. तिथे त्यांना जमिनीचा पट्टेदार भेटला. झाडे तोडून तिथे अक्रोड लावायचा त्याचा बेत होता. मंदीचे दिवस होते, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. तरी या चालणाऱ्या मंडळींनी वर्गणी आणि कर्ज काढून १३० पौंड उभे केले, त्याला पट्टा सोडायला लावला, आणि १९३२ मध्ये ती राई राखीव झाली. ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यान त्यानंतर, १९५९ साली झाले. म्हणजे आम्ही जिथे झोपलो ती जागा सरकारने आपणहून दिलेली नव्हती. साध्या नोकरदार माणसांच्या मंडळांनी ती मिळवली होती.

या मंडळांत बायका कशा आल्या? सिडनीतले आधीचे नावाजलेले भटक्यांचे मंडळ फक्त पुरुषांचे होते. मेलबर्नच्या बायकांनी १९२२ मध्ये स्वतःचा विमेन्स वॉकिंग क्लब काढला. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिडनी बुशवॉकर्स’ने मात्र सुरुवातीपासून स्त्री-पुरुष दोघांना घेतले. त्यात पुढे आलेली एक बाई म्हणजे मेरी बाइल्स. न्यू साउथ वेल्समध्ये सॉलिसिटर होणारी पहिली स्त्री, १९२४ साली. मुलांच्या ताब्याचा आईला समान हक्क मिळावा म्हणून तिने कायद्याची बाजू सांभाळली, आणि समुद्रकाठचे बुडी हे रान १९३५ मध्ये राखीव व्हावे यासाठी झगडली. पुढे ती भारतात आली, बुद्ध आणि गांधी यांच्यावर तिने लिहिले. सिडनीतल्या तिच्या घराचे नाव ‘अहिंसा’. बंद खोलीपेक्षा तिला उघड्यावर झोपायला आवडे. १९६६ मध्ये याच घराच्या व्हरांड्यात झोपलेली असताना कोणीतरी तिच्यावर हल्ला केला, ती जबर जखमी झाली. इतकी वर्षे रानावनात, परक्या डोंगरांत हिंडलेली बाई, तिला मार बसला तो घराच्या ओट्यावर. यावरून कोणी म्हणेल, बाईने दार लावून झोपावे. मी म्हणते, दार लावून झोपणाऱ्या किती जणी मार खातात ते मोजा, आणि मग बोला.

या गोष्टीची एक काळी बाजू आहे, ती झाकून ठेवणे योग्य नाही. हे डोंगर मुळात डारुग, गुंडुनगुरा आणि इतर आदिवासी लोकांचे. जवळच्याच कटूंबा गावात ‘द गली’ नावाच्या वस्तीतून आदिवासी कुटुंबांना १९५७ मध्ये हुसकावून लावले, मोटारींच्या शर्यतीचा रस्ता करण्यासाठी. २००२ मध्ये ती जागा आदिवासींचे स्थळ म्हणून जाहीर झाली, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. एकाचा विसावा दुसऱ्याच्या उठवलेल्या चुलीवर उभा असू शकतो. आपल्या वारणाकाठचे चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तिथल्याही गावांना उठावे लागले. ज्या रानात शहरातली बाई हौसेने जाते, त्याच रानात सरपणाची मोळी घेतलेली बाई गुन्हेगार ठरते. विसाव्याचा हक्क मागताना त्या मोळीवालीला सोडून मागितला, तर तो हक्क राहत नाही, चैन होते.

पण म्हणून विसावा हाच श्रीमंतांचा विषय, असे म्हणू नका. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ मध्ये आठ तासांचा दिवस मिळवला. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, त्या सभेत दोन कामगार बायकाही साप्ताहिक सुट्टीसाठी बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे रविवार मागणाऱ्यांत आपल्या बायका होत्या. आज तो रविवार कोणाचा आहे? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८. आणि हे ८८ फक्त जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचे, सगळ्यांचे नव्हे. रविवारी तर घरी सगळे असतात, म्हणजे मटण, धुणे, पाहुणे. बाईने मागितलेला रविवार घरातल्या इतरांनी वापरला.

दुसऱ्या दिवशी तोच कडा चढून आम्ही वर आलो. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागला. काकू शेवटी पोचल्या, पाठीवर स्वतःची पिशवी घेऊनच. पुढे २०१९-२० च्या वणव्यांत ते खोरे होरपळले, नंतरच्या अतिवृष्टीत दरडी कोसळल्या, वाटा बंद ठेवाव्या लागल्या. कोणी जाणार असेल तर उद्यान कार्यालयाला विचारूनच जावे. राखलेले रानही कायमचे हाती आले असे समजता येत नाही.

आता आपण काय करायचे? ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. जवळची टेकडी, नदीचा घाट, किल्ला, गावचे तळे पुरे. प्रत्येक गटाने वर्षातून एक दिवस ठरवावा. देवाचे निमित्त नको, प्रशिक्षण नको, अहवाल नको. डबा प्रत्येकीने आपल्यापुरता आणावा आणि घरच्यांचा घरच्यांनी करावा. वाडीतल्या, पाड्यावरच्या बायकांना पाहुण्या म्हणून नको, वाट दाखवणाऱ्या म्हणून बोलवावे, आणि त्यांचा रोज द्यावा. परत आल्यावर जे आडवे आले त्याची यादी करावी : मोरी नव्हती, दिवा नव्हता, शेवटची एसटी सातलाच गेली, रखवालदाराने विचारले ‘बरोबर कोण आहे?’ ती यादी ग्रामपंचायतीकडे, आगारात आणि वनखात्याकडे अर्ज म्हणून द्यावी, पोच घ्यावी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे. हे काम आपल्याला येते. आजवर ते रेशनसाठी केले, पाण्यासाठी केले.

आणि घरी कोणी विचारले, कशासाठी जातेस, तर एकदा तरी उत्तर द्या : सहज.