कल्पनेची नाटके आणि कोर्टाची पायरी

रोजची कामे कल्पक लेखकाचा घात करतात, असे म्हणतात. नाटककार आणि विनोदी लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांकडे पाहिले की हे पटत नाही. अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद इथे त्यांनी वकिली केली. पौराणिक नाटकांना मोठी मागणी असताना 1896 च्या 'वीरतनय'पासून त्यांनी स्वतः रचलेली, अद्भुताकडे झुकणारी कथानके आणली. त्यामागे पारशी-उर्दू रंगभूमीचे, तिच्या चालींचे वेड होते. तरी वेळ कोर्टाने खाल्लाच ना? खाल्ला असेल, पण पक्षकार सांभाळून डझनभर नाटके झाली, वर 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथही! दुसरा आक्षेप जड आहे: ती नाटके आज कोण करतो? फारसे कोणी नाही, आणि माझ्या मते त्यांतल्या योगायोगांच्या गुंत्यात माणसे हरवतात. टिकला तो 'सुदाम्याचे पोहे' या लेखसंग्रहातला विनोद, रोजच्या व्यवहारातून आलेला. त्यांच्या पहिल्या विनोदी लेखाचे नावच पाहा: 'साक्षीदार'. ज्याला आपण व्यत्यय म्हणतो, तोच इथे कच्चा माल ठरला. या लेखांतल्या बंडूनाना आणि पांडूतात्यांची ओळख नसेल, तर ग्रंथालयातून 'सुदाम्याचे पोहे' जरूर आणा.